4 कोअरपैकी 1 लिमिटच्या खाली, म्हणून अख्खा लॉट नापास?

पेव्हरमागचा
मी ठेकेदाराच्या बाजूनं क्वालिटी बघतो. डांबरी थराची डेन्सिटी, म्हणजे थर किती घट्ट दाबला गेलाय, खालची लिमिट 92 टक्के, लॉटमागे (एकत्र तपासायच्या कामाच्या तुकड्यामागे) 4 कोअर, म्हणजे थरातून कापून काढलेले नमुने. आले 93.4, 92.6, 91.8 आणि 93.8. सरासरी 92.9 आहे तरी साइटवरचे साहेब म्हणतात एक नापास म्हणजे लॉट नापास, बिल थांबवतो. आमचे मालक म्हणतात सरासरी पास आहे, पूर्ण पैसे द्या. खरं सांगू का, मला दोन्ही पटत नाहीये. 4 कोअरवर एवढ्या पैशांचा निकाल लावायचा म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं ना?

लॅबकर
दोघांचंही चुकतंय. प्रत्येक कोअर पास पाहिजे म्हटलं तर चांगला माल नापास व्हायचा धोका वाढतो आणि तो ठेकेदाराच्या डोक्यावर, नुसती सरासरी बघितली तर वाईट माल खपून जातो आणि तो धोका खात्याच्या डोक्यावर. म्हणून तर पीडब्ल्यूएल काढतात, म्हणजे लॉटमधला किती टक्के माल लिमिटच्या आत असेल त्याचा अंदाज. 4 नमुन्यांना हातानं निघतो बघा. तुमचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते, साधारण 0.89. सरासरी वजा लिमिट 0.9, त्याला 0.89 नं भागलं की क्यू झाला 1.01. पीडब्ल्यूएल म्हणजे 50 अधिक क्यूच्या 33.3 पट, आले 84. अमेरिकेत चालणारं सूत्र लावलं, पे फॅक्टर (बिलाचे किती टक्के द्यायचे) म्हणजे 55 अधिक पीडब्ल्यूएलचा निम्मा, तर 97 टक्के बिल. ना शून्य, ना शंभर.

आणि हे नीट बघा, सरासरी 92.9च ठेवून डेव्हिएशन 0.5 वर आणलंत तर क्यू 1.8 होतो, 4 नमुन्यांना 1.5 च्या पुढे पीडब्ल्यूएल सरळ 100 धरतात, म्हणजे पे फॅक्टर 105. जास्त रोलिंग न करता, नुसतं सगळीकडे सारखं करून.

खात्यातला
मी बिलं तपासणाऱ्या बाजूचा. 105 टक्के देणं आमच्याकडे कुणाच्या गळी उतरत नाही, जे ठरलंय ते केलं त्याचा बोनस कसला? शिवाय त्याच सूत्रानं पीडब्ल्यूएल 50 आला तरी 80 टक्के द्यायचे! पोकळी, म्हणजे 100 मधून डेन्सिटी वजा केली की उरते ती, 7 टक्क्यांच्या वर गेली की दर एका टक्क्यामागे ढोबळमानानं 10 टक्के आयुष्य जातं. पाणी हवा आत शिरते, डांबर कडक होतं, खडी सुटायला लागते. कापलेल्या 20 टक्क्यांनी तो रस्ता काही परत उभा राहत नाही.

लॅबकर
दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच खाली एक मर्यादा पाहिजे, समजा पीडब्ल्यूएल 60, त्याच्या खाली सूत्र बंद, थर उखडायचा का ते बघायचं. बोनसचं मात्र पटवून सांगतो. ज्याचा माल खरोखर 90 पीडब्ल्यूएलचा आहे, म्हणजे ठरल्याप्रमाणे (55 अधिक 45, बरोबर 100), त्याला 4 कोअरमध्ये कधी 75 दिसेल कधी 100 दिसेल. 100 च्या वर द्यायचंच नाही म्हटलं तर खाली आलं की कपात होणार आणि वर गेलं की काहीच नाही, मग वर्षभराची सरासरी 100 च्या खालीच पडणार. ठरलेला माल देऊनही त्याचे पैसे कापले जातात, आणि तो पुढच्या टेंडरला दर चढवून ते वसूल करतो. 105 ठेवलं की सरासरी बरोबर 100 येते. यात खिरापत वगैरे काही नाही.

पेव्हरमागचा
हे मला कुणी कधी असं समजावलं नव्हतं. मग अजून 4 कोअर मागू का? 91.8 वाला जॉइंटपासून, म्हणजे डांबराचे दोन पट्टे जुळतात तिथून, हातभरावर होता.

लॅबकर
जागा रँडम नंबरनं काढली होती ना? मग तो राहणार. नापास आलं की परत कोअर आणि पास आलं की गप्प, असं केलं तर सगळा धोका खात्यावर ढकलला जातो. जादा कोअर घ्यायचे तर पुढच्या लॉटपासून सगळ्याच लॉटना घ्या, आधी लिहून, आणि आठही आकडे धरून. अंदाजातली चूक निम्म्यावर आणायला नमुने चौपट लागतात हेही मालकांना सांगा. तोवर जॉइंटजवळ रोलरच्या फेऱ्या किती होतात त्या उद्या उभं राहून मोजा.

खात्यातला
बोनसचं गणित मी आमच्याकडे मांडून बघतो. तुमचा लॉट माझ्याकडे असता तर 97 नं बिल सोडलं असतं.