फॉर्च्युनर-क्रिस्टाच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल: बदलायचं की हातच लावायचा नाही?

चौथा_गिअर
फॉर्च्युनरवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. सारांश असा: सहा गिअरचा ऑटोमॅटिक सीलबंद आहे, डिपस्टिकच (तेलाची पातळी बघायची पट्टी) दिलेली नाही, म्हणजे तेल बदलायचं नसतं, लाखाच्या पुढे बदललं की गिअरबॉक्स बसतो, बदला म्हणणारे सगळे गॅरेजवाल्यांचे दलाल. खाली दीडशे अंगठे. वाचून डोकं उठलं म्हणून हा धागा.

डिपस्टिक नाही, पण पॅनला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ताटाला, ड्रेन प्लग आहे, पातळी बघायला ओव्हरफ्लो प्लग आहे आणि वर भरायचा प्लगही आहे. तेल काढायचंच नसतं तर कारखान्याने तीन भोकं हौसेने पाडली का?

ऑटोमॅटिकमधलं तेल तीन कामं करतं. टॉर्क कन्व्हर्टरमधून ताकद पुढे नेतं, व्हॉल्व्ह बॉडीतून (तेलाच्या बारीक वाटांच्या ठोकळ्यातून) दाब देऊन आतले क्लच दाबतं आणि उष्णता कूलरकडे नेतं. शिवाय त्यात घर्षण नेमकं ठेवणारी रसायनं असतात. ती उष्णतेने संपत जातात. ती संपली की पहिलं लक्षण लॉकअप क्लचवर, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरला थेट जोडून टाकणाऱ्या क्लचवर, दिसतं. ५० ते ८०च्या वेगात, हलक्या पायावर, गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरते. लोक तेव्हा टायर बॅलन्स करत बसतात.

झेडएफ ही स्वतः गिअरबॉक्स बनवणारी कंपनी तेल बदलायला ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं सांगते. त्यांचाच गिअरबॉक्स बसवून वर 'आजन्म' म्हणणाऱ्या गाड्यांच्या कंपन्या वेगळ्या. ज्याने बनवला त्याचं ऐकायचं की ज्याला वॉरंटीपुरती गाडी चालायला हवी त्याचं?

सर्व्हिसबुकवाला
झेडएफचा दाखला ऐसिनच्या गिअरबॉक्सला लावताय, फॉर्च्युनरचा ऐसिन बनवते. चालू द्या. मॅन्युअलमध्ये साध्या वापरासाठी 'तपासा' लिहिलंय, 'बदला' नाही. इंजिनिअरांनी झोपेत लिहिलं का ते? साडूच्या क्रिस्टाचं तेल बाहेर बदलून घेतलं आणि दोन महिन्यांत गिअर घसरायला लागले. जे चालतंय त्याला हात लावू नये.

पाना_बावीस
साडूच्या क्रिस्टात कोणतं तेल भरलं, किती भरलं, किती तापमानाला पातळी बघितली? तिन्ही उत्तरं नसतील तर तो पुरावा नाही, किस्सा आहे.

आणि मॅन्युअलचं पुढचं पान उलटा. 'कठीण वापर' म्हणून वेगळा रकाना असतो: ओझं ओढणं, डोंगर, धूळ, थांबत-थांबत चालणं. कशेडी, आंबा, वरंध उतरणारी, कात्रजला रोज अडकणारी, मागे सात माणसं आणि वर कॅरिअर असलेली गाडी साध्या वापरात बसवायला मोठं काळीज लागतं.

'तपासा'बद्दलही सांगा की. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सचं तेल सर्व्हिस सेंटरमध्ये तपासतात कसं? खाली वाकून पॅन कोरडा आहे का बघतात आणि रकान्यात बरोबरची खूण करतात.

शंकासुर
खूण तर खूण, बिलातही लावतात. जॉबकार्डवर 'एटीएफ टॉप-अप २०० मिली' वाचलंय, एटीएफ म्हणजे हेच ऑटोमॅटिकचं तेल. तीन वेगवेगळ्या गाड्यांना तेवढंच, २०० मिली! ओव्हरफ्लो प्लग उघडल्याशिवाय २०० कमी आहे हे कळलं कुणाला, ज्योतिषाला? आणि सीलबंद गिअरबॉक्सचं तेल कमी झालं असेल तर ते गळतंय. टॉप-अप कसलं करताय, गळती शोधा ना.

पाना_बावीस
हे मात्र शंभर टक्के.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी क्रम लिहितो, मग भांडा. (नव्या हायलक्सलाही हाच सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे, ते पण वाचू शकतात.)

१) आधी वरचा भरायचा प्लग सैल होतोय का बघा. खालचं तेल काढून बसलात आणि वरचा प्लग गंजून अडकला, तर गाडी टो करूनच हलेल.

२) पॅनवर दोन प्लग आहेत. एक ड्रेनचा, दुसरा पातळीचा ओव्हरफ्लो, त्याच्या आत उभी नळी असते. घोळ इथेच होतो. पातळीचा प्लग ड्रेन समजून उघडायचा, थोडंसं तेल आलं की 'निघालं' म्हणायचं आणि वरून तीन लिटर ओतायचं. जास्त भरलं की आतले फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो, दाब पडतो आणि तेल ब्रीदरमधून (हवा सोडायच्या नळीतून) बाहेर येतं. मग लोक सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवतात.

३) निघालेलं तेल खुणा असलेल्या कॅनमध्ये मोजा. साधारण साडेतीन लिटर येतं. एकूण तेल साडेदहाच्या आसपास, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि व्हॉल्व्ह बॉडीत राहतं. जितकं निघालं तितकंच नवीन हातपंपाने भरा.

४) पॅन उतरवणार असाल तर चाळणी आणि गॅस्केट नवीन घ्या. पॅनमधली चुंबकं बघा. करडा, मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर तेल बदलून उपयोग नाही, गिअरबॉक्स उघडावा लागेल. पॅनचे बोल्ट बारीक असतात, आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत, आवळायचा टॉर्क एकेरी न्यूटन मीटरमध्ये, म्हणजे अगदी हलका. इम्पॅक्ट गन लावणाऱ्याच्या हातून काम काढून घ्या.

५) तेल टोयोटाचं डब्ल्यूएस. डेक्स्रॉन नाही, टी-४ नाही, ती वेगळ्या प्रकारची ऑटोमॅटिकची तेलं. आणि दुकानात 'गिअर ऑइल' मागू नका, तो ९० नंबरचं हातात ठेवेल. ते डिफरन्शियलचं.

६) ड्रेन प्लगला नवीन वायसर.

चौथा_गिअर
एकदा बदलून तिसरा हिस्साच नवा होतो, हे ठळक करा. दोनदा केलं तर ५६ टक्के, तीनदा ७०. मध्ये दोनतीनशे किमी चालवून पुन्हा. एकदा साडेतीन लिटर बदललं आणि 'काही फरक नाही' म्हणणारे याच हिशेबात अडकलेले असतात.

सर्व्हिसबुकवाला
म्हणजे साडेदहा लिटर तेल आणून ७० टक्के बदल. मग मशीनने एका बैठकीत सगळंच का बदलत नाही? तिथे मात्र तुमचे लोक म्हणतात मशीन लावलं की गिअरबॉक्स मेला. आधी ठरवा एकदा काय ते.

पाना_बावीस
मशीन दोन प्रकारचं. कूलरची नळी सोडून, गिअरबॉक्सच्याच पंपाने जुनं बाहेर टाकत तेवढंच नवं आत देणारं ठीक आहे. बाहेरून दाब देऊन, वर सफाईचं रसायन घालणारं नको. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. पहिल्या प्रकारातही दोन अटी: गाडी गरम हवी, नाहीतर कूलरच्या वाटेवरचा थर्मोस्टॅट बंद असतो आणि तेल फिरत नाही. आणि शेवटी पातळी तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना बघायचीच. मशीनवाला ती बघत नाही, म्हणून माझा विरोध.

अकोल्याचा_उकाडा
इथे थांबा जरा. ३५ ते ४५ अंश तेलाला पातळी बघायची म्हणताय. अकोल्यात मे महिन्यात सावलीत ४५ असते. गाडी सुरू करायच्या आधीच तेल ४५ला! आम्ही काय गिअरबॉक्सवर कूलर लावायचा? हे मॅन्युअल लिहिणाऱ्याला विदर्भात आणा एकदा.

पाना_बावीस
पहाटे करा. गाडी रात्रभर उभी ठेवा, साडेपाचला तेल तिशीच्या आसपास असतं. सपाट जागा, इंजिन सुरू, एसी बंद, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबून परत पीमध्ये. ३५ झालं की ओव्हरफ्लो उघडा. धार आली तर थेंबांवर येईपर्यंत थांबा. काहीच आलं नाही तर बाहेर येईपर्यंत वरून भरा. तापमान ओबीडी रीडरवर (गाडीच्या सॉकेटला लावून सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघा.

शंकासुर
ओबीडी कशाला, इन्फ्रारेड गनने पॅनचं बघायचं.

चौथा_गिअर
गन बाजूच्या सायलेन्सरची उष्णता धरते, आणि उघड्या ॲल्युमिनियमच्या चकाकीवर खरं तापमान असतं त्याहून कमी दाखवते. दोन्ही चुका एकाच वेळी. बघूच नका.

सर्व्हिसबुकवाला
जरा गणित करू या, मला सल्ले देणारेच गडबडताहेत. तेल अंशाला ०.०८ टक्के फुगतं धरा. साडेदहा लिटरला ५ अंशांचा फरक म्हणजे जेमतेम ४० मिली. ४५ऐवजी ५०ला बघितलं म्हणून काय बिघडणार? 'धार' कधी संपली आणि 'थेंब' कधी सुरू झाला यातच तुमची त्याहून मोठी चूक होईल.

पाना_बावीस
गणित बरोबर. त्रास ५० अंशांचा नाही, ८० अंशांचा आहे. गाडी पुण्याहून येते, लगेच लिफ्टवर चढते, गरम तेलावर ओव्हरफ्लो उघडतात. ४० अंशांचा फरक म्हणजे तिनशे-साडेतीनशे मिली जादा बाहेर. गार झाल्यावर तेवढं कमी. मग सकाळी रिव्हर्स टाकला की दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग धप्पकन पडतो. घाटाच्या वळणात पंप हवा ओढतो. साडूच्या क्रिस्टाचं तेच झालेलं असणार, नव्या तेलाने क्लच खाल्ला नाही.

अकोल्याचा_उकाडा
मग ५०ला बघून ४० मिली वरून घातलं तर?

पाना_बावीस
घाला. पण गाडी एका जॅकवर नाक वर करून उभी असेल तर हे ४० मिलीचं सोवळं विसरा. तिरप्या पॅनमध्ये त्याच्या कैकपट चूक होते. चारही बाजू सारख्या उंचीवर हव्यात.

टेक्सासकर
इकडच्या फोर्डवाल्यांसाठी भर. तुम्ही ४० अंशांवर भांडताय, एफ-१५०च्या दहा गिअरच्या १०आर८०मध्ये पातळी गरम तेलावर बघतात, शंभर अंशांच्या जरा अलीकडे. तिला डिपस्टिक आहे, पण खाली, गिअरबॉक्सच्या अंगावर, तापलेल्या एक्झॉस्टला चिकटून. लांब बाह्यांचे हातमोजे घाला. तेल मर्कॉन यूएलव्ही. सहा गिअरच्या ६आर८०ला मर्कॉन एलव्ही. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. भारतातल्या शेवटच्या २.०च्या एन्डेव्हरला हाच दहा गिअरचा आहे, आधीच्या २.२ आणि ३.२ला सहाचा. २०२१मध्ये फोर्डने तिकडचं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यापासून 'एन्डेव्हरचं तेल' म्हणून दुकानात काहीही देतात, असं कळतं. फोर्डचं इथलं वेळापत्रकही 'आजन्म' म्हणत नाही, साध्या वापराला दीड लाख मैल म्हणतं. ट्रेलर ओढणारे त्याच्या बऱ्याच आधी बदलतात.

सर्व्हिसबुकवाला
दीड लाख मैल म्हणजे दोन लाख चाळीस हजार किलोमीटर! धन्यवाद, माझीच बाजू मांडलीत.

टेक्सासकर
साध्या वापराला, म्हटलं ना. सरळ हायवेवर क्रूझ कंट्रोल लावून चालवलेले मैल. कात्रजचे नाहीत.

शंकासुर
आणि नकली तेलाचं कोण बोलणार? डब्यावरचा शिक्का बघून घ्या म्हणतात. शिक्काही नकलीच असतो. सगळ्या गाड्यांना चालणारं म्हणून जे विकतात ते कुणाच्याच गाडीचं नसतं.

चौथा_गिअर
नकली हा एक प्रश्न, 'सगळ्यांना चालणारं' हा दुसरा, मिसळू नका. चांगल्या कंपनीच्या मल्टी-व्हेइकल तेलाच्या डब्यावर डब्ल्यूएससाठी योग्य असं लिहिलं असेल तर ते निरुपयोगी नाही. पण वॉरंटीतल्या गाडीत कंपनीचंच घाला. नंतर क्लेमच्या वेळी तुमच्या डब्याचा फोटो कुणी बघत नाही.

सर्व्हिसबुकवाला
बरं, एक सरळ उत्तर द्या. १,८०,००० चाललेली गाडी, तेल कधीच बदललेलं नाही, गिअर व्यवस्थित पडतात. हात लावायचा?

पाना_बावीस
लावायचा. घसरत असती तर नाही म्हटलं असतं, कारण मग क्लचचं अस्तर संपलेलं असतं. नवं तेल ते परत आणत नाही आणि दोष मात्र शेवटी हात लावणाऱ्याच्या माथी येतो. तुमच्या फॉरवर्डमधला 'बदललं आणि बसला' हा बहुतेक याच गाड्यांचा इतिहास, आधीच मरणाच्या दारात होत्या. चांगली चालणारी असेल तर पॅन उतरवा, चुंबक बघा, चाळणी बदला, साधं ड्रेन-फिल (काढा आणि तेवढंच भरा) करा. मशीन नको. हजारेक किमीने पुन्हा. तेल काळं आलं म्हणून घाबरू नका, रंग लवकर उतरतो. जळका वास आला तर मात्र काळजी. आणि गुलाबी दुधासारखं आलं तर तिथेच थांबा: रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट शिरलंय. ग्लायकॉल क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं. आधी रेडिएटर, मग गिअरबॉक्सची तपासणी, तेल सगळ्यात शेवटी.

सर्व्हिसबुकवाला
म्हणजे शेवटी तुम्हीही 'आधी बघा, मग ठरवा' म्हणताय. मॅन्युअलमध्ये त्यालाच 'तपासा' म्हणतात.

पाना_बावीस
पॅन उतरवून, चुंबक हातात घेऊन तपासा असं लिहिलं असेल तर पान नंबर द्या, मी माघार घेतो.

सर्व्हिसबुकवाला
पान नंबर नाही. दोनदा बदलून घेतो. तीनदा नाही आणि मशीनने तर नाहीच.

अकोल्याचा_उकाडा
पहाटे साडेपाचला कोणतं गॅरेज उघडं असतं तेवढं सांगा कुणीतरी.

पाना_बावीस
आदल्या संध्याकाळी तेल काढून, मोजून, नवं भरून घ्या आणि गाडी तिथेच ठेवा. सकाळी फक्त पातळी. पोराला चहा पाजा, येईल.