तासगाव-कवठेमहांकाळ पट्टा : पारा ३९, यलो अलर्ट आणि रॅकवर बेदाणा. पडदे पाडू का?

सावळज_शेड
राम राम मंडळी. शेडमध्ये रॅकच्या जाळ्यांवर बेदाण्याचे दोन माल सुकताहेत. एक चार दिवसांचा, दुसरा बारा दिवसांचा, झाडायला (दाणे देठापासून झटकून खाली पाडायला) अजून दोन-तीन दिवस लागतील. एक ॲप गुरुवारी ४० टक्के पाऊस दाखवतं, दुसरं कोरडं. हवामान खात्याचा यलो अलर्ट, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस’. शेडच्या बाजूचे प्लास्टिकचे पडदे आजच पाडावेत तर आत कोंदतं. की बारा दिवसांचा माल आधीच झाडून घेऊ?

ढगवेडा_मिरज
टक्क्यांवर जाऊ नका. ४० टक्के म्हणजे अशी हवा दहा वेळा आली तर त्या ठिकाणी साधारण चार वेळा पाऊस होतो, बस्स. किती पडेल हे त्यात नाही, शिंतोडेसुद्धा त्यातच मोजतात. खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर चौथाई ठिकाणी. अलर्ट जिल्ह्याचा असतो आणि आपल्या सांगली जिल्ह्यात पावसाळी शिराळाही येतो आणि दुष्काळी जतही, आता काय बोलायचं! वळिवाचा ढग चार-सहा किलोमीटरचा. हवामान खात्याने २०२५ ला आणलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीम या अंदाज-मॉडेलच्या जाळ्याचा एक चौकोनच ६ किलोमीटरचा आहे. तुमचं शेड त्यात दोन दिवस आधी नेमकं सापडणार नाही. दोन ॲपचं जमत नाही ते म्हणूनच.

त्यापेक्षा दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा. ॲपमध्ये ‘ड्यू पॉइंट’ नावाने असतो. दुपारच्या तापमानातून तो वजा करा आणि १२५ ने गुणा, ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर धरेल ते कळतं. ३९ आणि १२ असेल तर फरक २७, तळ ३,३७५ मीटर. तिथून सुटलेला थेंब बराचसा वाटेतच आटतो, खाली पोचतो तो गार वारा आणि फुफाटा. पाऊस नाही, पण पडदे फाडणारा वारा येतो तो असाच. ३९ आणि २० असेल तर तळ २,३७५ वर येतो, मग पाऊस जमिनीवर पोचतो. सकाळचा आकडा मात्र फसवा. ऊन तापलं की वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि दवबिंदू घसरतो. १२ वाजता परत बघा. तेव्हाही १८ च्या वर टिकून असेल तर त्या दिवशी शेड सोडू नका.

 

रॅकवाला_कवठे
पडदे आज अजिबात पाडू नका. गुंडाळून दोऱ्या गाठीला तयार ठेवा, एका बाजूला दोन माणसं, पाच मिनिटांत खाली आले पाहिजेत. खालची कड नुसती सोडू नका, पाइपला किंवा वाळूच्या पोत्याला बांधा, नाहीतर पहिल्याच झोतात प्लास्टिकचा कागद वर जातो आणि पाऊस थेट मधल्या जाळीवर. ढग उठेल ती बाजू आधी बंद करा, समोरची अर्धी उघडी राहू दे.

बारा दिवसांचा माल घाईने झाडू नका. देठ कडक झालेला नसेल तर तो तुटत नाही, दाण्याची साल फाटते, साखर बाहेर येते आणि सगळा माल चिकटतो. मुठीत घट्ट दाबून सोडा. दाणे सुटे झाले तर झाडा, गोळा राहिला तर थांबा.

चार दिवसांच्या मालाची भीती वेगळी. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून लावलेलं पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात विरघळतं, पावसाने ते धुतलं की सुकणं मंदावतं आणि रंग तांबूस होतो. भिजलाच तर पाणी निथळल्यावर निम्म्या ताकदीची फवारणी घ्या. बुडवायला लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घेतलं असेल, तर आता १२ ग्रॅम आणि ७ मिली. कार्बोनेट आधी पूर्ण विरघळवा, मग ऑइल हळूहळू ओतत ढवळा. वर तेलाची साय दिसली तर ते द्रावण मारू नका.

सावळज_शेड
आत्ता १२ ला बघितलं, दवबिंदू १९. पश्चिमेला गोभीसारखे ढग फुगायला लागलेत. आता पाडू?

ढगवेडा_मिरज
अजून नाही. खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा बघत राहा. ढगाचा माथा पसरट होऊन ऐरणीसारखा दिसला की तो पिकला. मग गार वारा लागायची वाट बघू नका, त्या बाजूचे पडदे पाडा. गडगडाट ऐकू आला की रॅकच्या लोखंडाला कुणी हात लावायचा नाही, शेडवर चढायचं तर नाहीच. दामिनी ॲप घालून ठेवा, वीज जवळपास असेल तर ते सांगतं.

रॅकवाला_कवठे
आणि पाऊस थांबला की अर्ध्या तासात पडदे वर. रात्रभर बंद राहिले तर आतल्या दमटपणानेच माल काळा पडतो. कागदावर साचलेलं पाणी आधी बाहेरच्या बाजूला ढकला, नाहीतर पडदा उचलताना ते सगळं खालच्या जाळीवर सांडतं.