मावा लागलेल्या शेंड्यावरची ही पारदर्शक अळी कोणाची?

पानवेल: घेवड्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) आहे. त्यातच सेंटीमीटरभर लांबीच्या फिकट, अर्धपारदर्शक, बिनपायांच्या अळ्या दिसतात. वर केशरी-काळ्या पट्ट्यांची छोटी गांधीलमाशीसारखी माशी एका जागी तरंगत असते. दोन्हींचा संबंध आहे का? फवारणी करावी का?

भिंगवाला: संबंध आहे, अळ्या त्याच माशीच्या. ती गांधीलमाशी नाही, सिरफिड माशी आहे. पंखांची एकच जोडी, आखूड मिशा, नांगी नाही, त्यामुळे चावण्या-डसण्याचा प्रश्नच नाही. पोटावरचे पट्टे नीट बघा. तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर एक जाड काळा पट्टा आणि त्याच्याजवळ दुसरा बारीक, अशी जोडी असेल तर ती एपिसिर्फस बाल्टिएटस ही जात. लांबी साधारण 9 ते 12 मिमी. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट राहते. पट्ट्यांच्या जाडीवर फार विसंबू नका. कोष थंडीत वाढला तर माशी बरीच काळपट निघते आणि ओळख चुकते.

मावामार: अळीची खात्री आधी करा, कारण पाने खाणारी अळी समजून हिलाच चिरडले जाते. हिला वेगळे डोके नाही, पाय नाहीत. पुढचे टोक निमुळते आणि मागे श्वसननळ्यांचा छोटा उंचवटा. पानाला भोके पडत नाहीत. विष्ठाही दाणेदार नसते, डांबरासारखा काळा डाग पडतो. ती आंधळी असते. तोंड इकडेतिकडे आपटत चाचपडते, मावा सापडला की पानावरून उचलून धरते, आतला रस शोषते आणि रिकामी कातडी टाकून देते. पूर्ण वाढेपर्यंत एक अळी शेकडो मावा फस्त करते, त्यातला मोठा वाटा शेवटच्या अवस्थेत. दिवसा बऱ्याचदा लपून बसते, म्हणून संध्याकाळनंतर टॉर्च घेऊन बघा.

मादी मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी माव्याजवळ सुटी सुटी घालते. उबदार हवेत ती दोन-तीन दिवसांत फुटतात. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण तीन आठवडे. थंडीत सगळेच लांबते.

पानवेल: मग साबणाचे पाणी मारले तर चालेल ना? आणि पानावर थेंबाच्या आकाराचे, भोक पडलेले काहीतरी चिकटले आहे.

मावामार: साबण नको. मऊ कातडीच्या अळ्याही त्यात मरतात. बहुतेक शेंड्यांवर अंडी किंवा अळ्या असतील तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा बघा. अळ्या अगदी लहान आणि मावा झपाट्याने वाढत असेल, तर जास्त भरलेले शेंडे तेवढे खुडा. खुडण्याआधी त्यावरच्या अळ्या शेजारच्या शेंड्यावर सोडा. मुंग्यांची रांग असेल तर ती तोडा, त्या माव्याची राखण करतात.

भिंगवाला: थेंब म्हणजे कोष. रुंद टोकाचे झाकण स्वच्छ उघडले असेल तर माशी बाहेर पडली. कडा कुरतडलेले भोक असेल तर बहुधा डिप्लाझॉनसारखी परजीवी गांधीलमाशी निघाली. ती सिरफिडच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीत अंडे घालते आणि कोषातून बाहेर येते. असे कोष बरेच दिसले तर पुढची पिढी विरळ असणार, हे धरून चाला.

आणखी एक, मादीला अंडी पिकवायला परागकण लागतात. तोंड आखूड असल्याने खोल फुले तिच्या कामाची नाहीत. कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलोऱ्यावर येऊ द्या. उपटून टाकायची घाई नको.