स्पायडरमॅनचं लग्न सैतानाला देऊन टाकलं, याचा राग अजून कुणाला येतो का?

जाळंवाला :
स्पायडरमॅन कॉमिकमधली २००७ ची ‘वन मोअर डे’ ही गोष्ट काल परत वाचली आणि परत डोकं फिरलं. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : पीटर पार्करने सगळ्या जगासमोर मास्क काढलेला, मग गुंडांचा बॉस किंगपिनने त्याची सुपारी दिली आणि गोळी लागली मे काकूला. काकू हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतेय, जादूगार डॉक्टर स्ट्रेंजपर्यंत सगळ्यांचे उंबरे झिजवून झाले, आणि मग मेफिस्टो, म्हणजे मार्वलचा सैतानच, येऊन म्हणतो काकूला वाचवतो, बदल्यात तुमचं लग्न द्या. आत्माबित्मा नको, लग्न! आणि हे दोघं, पीटर आणि बायको मेरीजेन, देतात. सकाळी पीटर काकूच्या घरात उठतो, लग्न कधी झालंच नव्हतं.

घटस्फोट दाखवा, कडाकडा भांडण दाखवा, ती बॅग भरून निघून गेली दाखवा, मी वाचेन. पण ‘झालंच नव्हतं’ ही शुद्ध पळवाट आहे. जबाबदारी जबाबदारी करत ज्याने आपल्याला लहानाचं मोठं केलं तोच स्वतःचा संसार सैतानाच्या हवाली करतो, आणि ज्या काकूसाठी हे सगळं केलं ती शुद्धीवर असती ना तर तिनेच चपलेने हाणला असता त्याला. मार्वलचे तेव्हाचे मुख्य संपादक ज्यो केसाडा यांना लग्न झालेला पीटर नकोच होता. खुद्द लेखक स्ट्रॅझिन्स्कीने शेवटच्या दोन अंकांवरून माझं नाव काढा म्हटलं होतं, यातच सगळं आलं.

कटिंगबाज :
भाऊ, ते लग्न लागलं कसं ते पण सांग की. पेपरातल्या स्ट्रिपमध्ये स्पायडरमॅनचा एक जनक स्टॅन ली दोघांचं लग्न लावणार होता, म्हणून इकडे कॉमिकवाल्यांनी पण घाईघाईत १९८७ च्या अॅन्युअलमध्ये, म्हणजे वार्षिक अंकात, उरकून टाकलं, तोपर्यंत कॉमिकमधली ही दोघं धड फिरत पण नव्हती. वर न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर हजारो लोकांसमोर वेशभूषा करून खोटं लग्न, लावायला स्वतः स्टॅन ली. मार्केटिंगने लावलेलं लग्न मार्केटिंगने मोडलं, हिशोब मिटला. आणि नव्वदच्या दशकात त्या संसाराचं काय केलं आठवतंय का? बाळ गेलं, मग विमानाचा स्फोट होऊन मेरीजेनच गेली, मग परत आली. लेखकांना बायको असलेला हिरो झेपत नव्हता हो.

ग्वेनपार्टी :
जाळंवाला, तुम्ही त्या लेखकाला बिचारा करून टाकलंत, पण २००४ मध्ये ग्वेन स्टेसीला, म्हणजे पीटरच्या आधीच्या, मेलेल्या प्रेयसीला, त्याचा जानी दुश्मन नॉर्मन ऑस्बॉर्नपासून जुळी झाली होती असं लिहिणारा कोण? हाच ना? मेलेल्या पोरीच्या नावावर असलं काहीतरी टाकायचं, का तर धक्का! पुढे २०२१ मध्ये ते सगळं खोटं होतं असं सांगून निस्तरलं एकदाचं. संपादक वाईट, लेखक गरीब गाय, असं नसतं ते.

चौथी_सीट :
मला लग्नापेक्षा मेरीजेनचं वाईट वाटतं. सुरुवातीला हा चक्क कांदेपोहेवाला मामला होता, मे काकू आणि शेजारच्या वॉटसनबाई मागे लागल्यात की आमच्याकडची मुलगी बघून तर घे आणि हा टाळतोय. १९६५ मध्ये ती काकूच्या घरी येते तेव्हा चेहरा आपल्याला दाखवतच नाहीत, पीटरवर जीव असलेल्या लिझ आणि बेटी मात्र तिला बघून गार पडतात. चेहरा दिसतो थेट १९६६ मध्ये, ४२ व्या अंकात शेवटच्या चौकटीत दार उघडल्यावर.

आणि मग १९७३. १२१ व्या अंकात ग्वेन पुलावरून पडते, पीटरचं जाळं तिला धरतं आणि मानेपाशी बारीक अक्षरात फक्त ‘स्नॅप’. पुढच्या अंकाच्या शेवटी पीटर अंधारात बसलाय, मेरीजेन आलीय, तो तिला वाट्टेल ते बोलतो, तुला कुणाचं काय पडलंय म्हणून. ती रडत दारापाशी जाते, दार उघडते, थांबते. आणि दार लावून घेते. आतून. आवाज ‘क्लिक’. एक शब्द नाही बोलत. नुसती पार्ट्या करणारी पोरगी त्या एका पानात मोठी झाली. यानंतर त्यांचं लग्न कुणी का लावेना, माझ्यासाठी ते तिथेच लागलं. आणि हे असलं नातं संपादकाच्या सोयीसाठी सैतानाला?

कटिंगबाज :
ताई, ते पान मलाही पाठ आहे. पण ते पान कुठे गेलंय? २०१० मध्ये मार्वलवाल्यांनी कॉमिकमध्येच स्पष्ट केलं की दोघं तेवढी वर्षं एकत्रच राहत होते, फक्त लग्नाच्या दिवशी पीटर मार खाऊन पडला म्हणून पोचलाच नाही आणि लग्न राहिलं. म्हणजे संसार जागेवर, फक्त सर्टिफिकेट गेलं.

चौथी_सीट :
मग मेफिस्टोने नेलं काय, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट? 😄 एवढा सैतान न्यूयॉर्कपर्यंत आला तो कागद न्यायला?
आणि एक, त्या सौद्यात शेवटची बोलणी मेरीजेनने केलीत, मेफिस्टोच्या कानात काहीतरी कुजबुजून. पीटर नुसता उभा. हे कुणी बोलतच नाही.

जाळंवाला :
सर्टिफिकेट 😂😂 दंडवत. ग्वेनपार्टीचं मान्य, त्याला मी उगाच सोडलं. पण कटिंगबाज, लेखकांना झेपत नाही म्हणतोस तर २०२४ ची ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ बघ, लेखक हिकमनची. पीटर पस्तिशीचा, दाढीवाला, बायको मेरीजेन, दोन पोरं, आणि कोळ्याची पॉवर त्याला हे सगळं झाल्यावर मिळते! अंक धडाधड संपले, परत परत छापावे लागले. आणि त्याआधी मेन कॉमिकमध्ये काय चाललेलं, तर मेरीजेन दुसऱ्या जगात अडकते आणि पीटर पोचेपर्यंत पॉल नावाच्या माणसाबरोबर संसार मांडून बसलेली.

कटिंगबाज :
अल्टिमेट वेगळं विश्व आहे रे, तिथे साठ वर्षांचं ओझं नाही, पाटी कोरी. शेजारच्याची सून नेहमी गुणीच असते. मेन कॉमिकमध्ये लग्न ठेवलं असतं तर दर दोन वर्षांनी तिला किडनॅपच केलं असतं, त्यापेक्षा मोकळी झाली ते बरं.

ग्वेनपार्टी :
ब्लॅक कॅटचं, पीटरच्या त्या चोर प्रेयसीचं, कुणी नावच काढलं नाही. तिला तर मास्कच आवडायचा, आतला पीटर बघून तिचा मूडच गेला. सगळ्यात प्रामाणिक तीच.

चौथी_सीट :
ते ठीक, पण मे काकूला आवडली असती का?