एक रुपयाचा पीकविमा: बोगस अर्जांनी बुडवला की सरकारने?

बांधावरचा:
२०२३ च्या खरिपाला राज्यात एक रुपयात पीकविमा आला आणि २०२५ च्या खरिपाआधी गुंडाळलाही. देवस्थानाच्या, सरकारी, बिगरशेती जमिनींवर विमे काढलेले सापडले. माझ्या मते बंद झाला ते बरंच झालं. शेतकऱ्याच्या वाट्याचा बाकीचा हप्ता सरकारी तिजोरीतून जायचा, म्हणजे खोटा अर्ज करणाऱ्याच्या खिशाला झळ फक्त रुपयाची. आता पूर्वीसारखे विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला ५ टक्के भरायचे. ज्याचं पीक आहे तो भरेल.

कोरडवाहू:
चोर सोडून संन्याशाला फाशी! गावात अर्ज भरून देणाऱ्या सुविधा केंद्राला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत होते. अर्ज खरा की खोटा, पैसे तेच. मग खोगीरभरती होणारच. ते ४० रुपये अर्जाची छाननी झाल्यावर दिले असते तर?

बांधावरचा:
केंद्रवाल्याला दुसऱ्याचा गट नंबर स्वप्नात दिसत नाही. गावातलंच कुणीतरी पुरवतं. आणि भरपाई केंद्राच्या खात्यात जात नाही, अर्जदाराच्या जाते.

जमाखर्च:
हे मान्य. पण प्रमाण बघा. २०२४ च्या खरिपात सुमारे १ कोटी ६८ लाख अर्ज आले, त्यातले बोगस म्हणून पकडलेले चार लाखांच्या वर. म्हणजे शंभरात दोन-तीन. न पकडलेले किती, हा वाद राहीलच. पण घोटाळ्याच्या नावाखाली नुसता रुपया गेला नाही, खरं संरक्षणही गेलं, त्यावर कुणी बोलत नाही. आधी गारपिटीने किंवा ओढ्याच्या पाण्याने एकट्याचं शेत गेलं तरी ७२ तासांत कळवून दावा करता यायचा. काढणीनंतर शेतात पडलेला माल भिजला तरी सोय होती. २०२५ पासून राज्याने हे सगळं वगळलं आणि फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक प्लॉट कापून वजनावरून उत्पन्न काढण्यावर, आणून ठेवलं. आता महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं, सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या (मागच्या वर्षांच्या उत्पन्नावरून ठरवलेल्या किमान पातळीच्या) खाली गेलं तरच पैसे. तुमची दोन एकर सोयाबीन वाहून गेली आणि मंडळातल्या बाकीच्यांची तरली, तर तुम्हाला शून्य. हप्ता मात्र पूर्ण. हेक्टरी ५० हजारांचं संरक्षण धरलं तर हजार रुपये. बोगस अर्जाशी याचा काय संबंध?

बांधावरचा:
संबंध आहे. एकेकट्याच्या पंचनाम्यातच सगळ्यात जास्त सेटिंग चालायची. टक्केवारी ठरवूनच नुकसान लिहिलं जायचं. सरासरीत एकट्याला हात मारता येत नाही.

कोरडवाहू:
कापणी प्रयोग माणसंच करतात आणि वजनही माणसंच लिहितात, साहेब. सेटिंग तिथेही होतं, फक्त गावाऐवजी अख्ख्या मंडळाला भोवतं.

रानमेवा:
बोगसवर इलाज अर्ज तपासतानाच होता. ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून केलेली पेऱ्याची, नोंद जुळत नसेल तर अर्ज रद्द करायचा. ती पाहणी आता सक्तीची आहे, शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झालाय. मग एवढी चाळण लावल्यावर वैयक्तिक नुकसानभरपाई परत द्यायला हरकत काय?

बांधावरचा:
चाळण दोन हंगाम चालू दे, मग द्या. तेवढं मी मान्य करतो.

कोरडवाहू:
आणि बटईने, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा? ओळख क्रमांक जमीनमालकाचा. विम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागतात. आमच्याकडे बटई तोंडी ठरते, मालक कागदावर सही करायला तयार नसतो. खरा पेरणारा तुमच्या चाळणीत पहिला अडकतो. त्याचं काय करायचं ते सांगा.