मदत हवी आहे: राऊटरवर पोस्टग्रेस रेप्लिकेशनचा लॉग कसा लावायचा?

नमस्कार मंडळी,

आमचा मुख्य डेटाबेस पुण्यात, पोस्टग्रेसवर. त्याची स्टँडबाय (राखीव) प्रत नाशिकच्या गोदामात; मुख्य डेटाबेसातले बदल सतत तिकडे पोचवणं म्हणजे रेप्लिकेशन. दोन्हीकडे मायक्रोटिकचे राऊटर, पीपीपीओईवालं (लॉगिन करून जोडणारं) ब्रॉडबँड आणि मधे आयपीसेक टनेल (इंटरनेटवरून जाणारा एन्क्रिप्टेड मार्ग). दिवसभर रेप्लिकेशन सुरळीत चालतं. संध्याकाळी बिलांची मोठी फाइल आयात झाली की स्टँडबाय मागे पडतो. मुख्य सर्व्हरच्या लॉगमध्ये 'रेप्लिकेशन टाइमआउट'मुळे वॉलसेंडर (स्टँडबायला बदल पाठवणारी प्रोसेस) बंद केल्याची ओळ येते, स्टँडबाय पुन्हा जोडून घेतो, थोड्या वेळाने परत तेच. टाइमआउट मूळचाच आहे, ६० सेकंद. वाढवून पाहिला, तर कनेक्शन उशिरा तुटतं, एवढाच फरक.

डेटाबेसवाले म्हणतात नेटवर्क बघा, ब्रॉडबँडवाले म्हणतात लाइन चालू आहे. दोघांच्या मधे मी. म्हणून राऊटरवरच काहीतरी पुरावा हवाय.

पुण्याच्या राऊटरवर फॉरवर्ड चेनच्या (राऊटरमधून आरपार जाणाऱ्या पॅकेटसाठीच्या नियमांच्या यादीच्या) तळाशी लॉगचा नियम टाकला: टीसीपी, डेस्टिनेशन पोर्ट ५४३२ (पोस्टग्रेसचा पोर्ट). एक ओळ उमटेल तर शपथ. मग आयपीसेकचं डीबग लॉगिंग चालू केलं, तर मेमरीतल्या १००० ओळी बघता बघता भरतात आणि नेमकी हवी ती वेळ पुसली जाते. जाणकारांनी सांगावं, नियम कुठे आणि कसा लावू?

प्रतिसाद १

तळाशी लावलात म्हणून. मूळ कॉन्फिगरेशन तसंच ठेवलं असेल तर आयपीसेकची पॅकेट वरच्याच नियमात अ‍ॅक्सेप्ट होतात, खाली पोचतच नाहीत. लॉगचा नियम सगळ्यात वर न्या. लॉग अ‍ॅक्शन पॅकेट अडवत नाही, पुढच्या नियमाकडे जाऊ देते, तेव्हा निर्धास्त राहा.

दुसरं म्हणजे कनेक्शन स्टँडबाय उघडतो. डेस्टिनेशन ५४३२ म्हणजे नाशिकहून येणाऱ्या पोचपावत्या फक्त. खरा माल पुण्याहून निघतो, त्याचा सोर्स पोर्ट ५४३२. दोन्ही दिशांना वेगळा नियम लावा, पण सगळी पॅकेट नकोत: टीसीपी फ्लॅगमध्ये सिन (कनेक्शन सुरू), फिन (बंद) आणि रीसेट (तोडलं) एवढेच, प्रत्येकाला स्वतंत्र नियम आणि ओळखता येईल असा प्रीफिक्स. आयपीसेकचं डीबग बंद करा आणि लॉग रिमोट सिसलॉगला (दुसऱ्या मशीनवरच्या लॉग सर्व्हरला) पाठवा, यूडीपी ५१४.

एक लक्षात घ्या, कुठल्या टेबलाचा डेटा अडकला हे राऊटर कधीच सांगणार नाही. ते मुख्य सर्व्हरवर रेप्लिकेशनच्या व्ह्यूमध्ये बघा: 'सेंट' (पाठवलेलं) पुढे आणि 'फ्लश' (स्टँडबायच्या डिस्कवर लिहिलेलं) तिथेच असेल तर माल वाटेत अडकतोय.

बाकी थोडं चाललं आणि मोठं अडलं की मला पहिला संशय एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) येतो. डू-नॉट-फ्रॅगमेंट लावून पलीकडे पिंग करा, साइज बदलत.

धागाकर्ता

धन्यवाद! नियम वर नेल्यावर ओळी दिसल्या. अडकलेल्या वेळात ना फिन, ना रीसेट. मिनिटभर शांतता आणि मग पुण्याकडूनच कनेक्शन बंद. 'सेंट' पुढे, 'फ्लश' जागच्या जागी. पिंग १४०० ला जातं, १४५० ला नाही. डेटाबेस सर्व्हरच्या फायरवॉलवर आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) पूर्ण बंद आहे, त्याचा संबंध असेल का?

प्रतिसाद २

आहे तर. 'पॅकेट मोठं आहे, लहान कर' हा निरोप आयसीएमपीवरूनच येतो. तो सर्व्हरपर्यंत पोचत नाही, मग सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

मँगलमध्ये (पॅकेटमध्ये बदल करणाऱ्या नियमांत) फॉरवर्ड चेनवर सिन पॅकेटला एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा) १३६० करा, दोन्ही दिशांना. एमएसएस हस्तांदोलनातच ठरतो, त्यामुळे जुन्या कनेक्शनला फरक पडणार नाही. स्टँडबायला नव्याने जोडायला लावा. आयसीएमपीतला तेवढा निरोपही उघडा.

आणि रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायला न मिळालेले बदल राखून ठेवणारी सोय) वापरत असाल तर आजच पुण्याच्या डिस्कवर नजर टाका. स्टँडबाय अडकला की वॉल फाइली (बदलांच्या नोंदी) साठत जातात. आवृत्ती १३ पासून स्लॉटसाठी किती वॉल ठेवायचं याची मर्यादा घालता येते, मूळची मर्यादा नसतेच.

धागाकर्ता

स्लॉट आहे, आणि डिस्क ९१ टक्के भरलीय. आधी ते निस्तरतो, एमएसएस रात्री लावतो.