कथेतील पात्रांचे स्वभावचित्रण आणि विनोदी रोजनिशी मुलांना कशी शिकवावी?

प्रश्न (मराठीची शिक्षिका, इयत्ता सातवी)

पात्राची स्वभाववैशिष्ट्ये लिहा असे सांगितले, की गोष्ट कोणतीही असो, बहुतेक वह्यांत 'तो प्रेमळ, प्रामाणिक व कष्टाळू होता' हेच वाक्य येते. रोजनिशी लिहायला दिली तर 'सकाळी उठलो, दात घासले, शाळेत गेलो' असा दिनक्रम हाती येतो, आणि ती विनोदी हवी म्हटले तर कोणीतरी केळ्याच्या सालीवरून घसरते किंवा ऐकलेला एखादा चुटका उतरवला जातो. हीच मुले मधल्या सुट्टीत एकमेकांच्या नकला इतक्या हुबेहूब करतात, की निरीक्षण त्यांच्यापाशी नक्कीच आहे. ते कागदावर कसे आणावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त भाषाशिक्षक)

ताई, हे दोन पाठ वेगळे ठेवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. पात्राच्या नावाने रोजनिशी लिहिणे हेच त्याचे स्वभावचित्रण आहे, कारण हा माणूस आजच्या दिवसातले काय नोंदवील, काय लपवील आणि दोष कोणावर ढकलील, हे ठरवल्याशिवाय मुलाला एक ओळही पुढे जाता येत नाही.

वाचनासाठी चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांची एखादी कथा घ्या. तिथे निवेदक स्वतः चिमणराव आहेत आणि आपली फजिती ते अगदी गंभीरपणे, कारणांसह मांडतात. मुले हसू लागली की तिथेच थांबून विचारा, 'चिमणरावांना इथे काय वाटते आहे आणि आपल्याला काय दिसते आहे?' या दोहोंतील अंतरातून विनोद निर्माण होतो, हे सातवीच्या मुलांना व्याख्येशिवायही समजते. त्यांचा सोबती गुंड्याभाऊ जवळ असताना चिमणराव कसे बोलतात आणि एकटे असताना कसे, हेही तपासून घ्या. विशेषण लिहायचे तर त्याच्याखाली कथेतील एक कृती किंवा एक वाक्य पुरावा म्हणून द्यायचे, एवढा एकच नियम वर्गात ठेवला, तरी 'प्रेमळ व प्रामाणिक' आपोआप मागे पडते.

उत्तर (मुलांचा वाचनवर्ग घेणारी एक पालक)

सरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. त्याला जोड म्हणून दिलीप प्रभावळकर यांचे 'अनुदिनी' सुचवते. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका ज्यावर आधारली होती, ते हेच पुस्तक. एकाच घरातील निरनिराळ्या वयाची माणसे त्यात रोजनिशी लिहितात, त्यामुळे वय आणि स्वभाव बदलला की नोंद कशी बदलते, हे मुलांना सहज दाखवता येते.

त्यावरून आम्ही एक प्रसंग आणि दोन वह्या असा सराव घेतो. प्रसंग अगदी साधा असावा, उदाहरणार्थ, पोहे खारट झाले. आपली चूक कधीच न मानणारा दादा लिहितो: 'आज आईने पोह्यांत दोनदा मीठ घातले, असे सगळे म्हणाले. पहिल्यांदा मी घातले होते. परंतु ते मी कोणालाही सांगितले नव्हते, त्यामुळे चूक आईचीच ठरते.' त्याच दिवशी धाकटी बहीण लिहिते: 'दादा पोह्यांना कधीच चांगले म्हणत नाही. आज मात्र त्याने मध्ये मध्ये पाणी पीत सगळे पोहे संपवले आणि आणखी मागितले.' दादा अपराधी होता असे बहिणीने कुठेही म्हटलेले नाही, तरी वाचकाला ते कळते, आणि दादाचे स्वभावचित्रण मुलाने एकही विशेषण न वापरता केलेले असते. पहिल्या खर्ड्यात शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करू नयेत, कारण त्या दिसल्या की मुले पुन्हा 'सकाळी उठलो' या सुरक्षित वाक्याकडे वळतात.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. रोजनिशीतील पात्र वर्गातल्या कोणा मुलावर किंवा शिक्षकावर बेतलेले नसावे. कोणाचे रूप, बोलीतील हेल, जात किंवा घरची परिस्थिती हा विनोदाचा विषय होता कामा नये. लिहिणाऱ्या पात्राचा स्वतःविषयीचा गैरसमज एवढीच सामग्री पुरेशी असते, आणि त्यात कोणी दुखावले जात नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन वह्यांचा सराव येत्या आठवड्यातच घेईन. एक शंका उरते: जी मुले बोलतात भरभरून, परंतु लिहायला बसली की अडतात, त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर (निवृत्त भाषाशिक्षक)

त्यांना आधी पात्र होऊन बोलू द्यावे. वर्गाने त्या पात्राला प्रश्न विचारावेत, 'मीठ घातल्याचे आईला का सांगितले नाही?' असे थेट, आणि शेजारच्या मुलाने उत्तरे जशीच्या तशी टिपून घ्यावीत. ती टिपणे समोर ठेवून वर तारीख घातली, की रोजनिशीचा पहिला खर्डा बहुतांशी तयार असतो. बोलण्यातील लकबी त्यात तशाच राहू द्याव्यात. प्रमाणभाषेच्या आग्रहाने त्या पुसल्या, तर पात्रही पुसले जाते.